मुआयन्याच्या चादरी

आमच्या दवाखान्यात पांढऱ्या चादरींचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली मोठ्या नर्सबाईंच्या कमरेला असायची. कुणी साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणार म्हटलं की आम्ही दोघी नर्स तापाच्या चाळीस रोग्यांना एकेक करून उचलायचो आणि त्या चादरी अंथरायचो. साहेबांची मोटार फाटकाबाहेर गेली की घामाने खराब व्हायला नकोत म्हणून रोग्यांना पुन्हा उचलून त्या काढायचो. निजामाच्या अमलात हेच होतं. पोलीस ॲक्शननंतर मला वाटलं, आता तरी ही थेरं संपतील. कसली संपतात! शेरवान्या गेल्या, खादीच्या टोप्या आल्या आणि मुआयने दुप्पट झाले. "हंसके खडे रहो," बाई दटावायच्या. कंबर मोडली तरी हसायचं. बरकतपुऱ्यातल्या घरी पोचल्यावर मी कुणाशी धड बोलायचेसुद्धा नाही. नुसती खेकसायचे.

मग विषमज्वराने मीच त्या वॉर्डात आडवी झाले. एका सकाळी माझ्याच जोडीदारणीने मला कुशीवर लोटलं आणि अंगाखाली पांढरी चादर सरकवली. नवे साहेब माझ्या खाटेशी थांबले. "इथली व्यवस्था कशी आहे, बाई?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांचं सगळं तोंडावर सांगून टाकायची हीच वेळ होती. मी धडपडत खाली उतरले, चादरीची सुरकुती ओढून सरळ केली आणि हसून उभी राहिले.