नाव जाग्यावरच सांगणारे डोमाजीबाबा

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आपल्याकडे प्रत्येक शेताला वेगळं नाव का?" ती नावं मला शिकवणाऱ्या डोमाजीबाबांना ओळखणारी आता मी एकटीच उरले. म्हणून आजच लिहायला बसले.

लग्न होऊन मी दवनीवाड्याजवळच्या आपल्या गावी आले, तेव्हा गावातले डोमाजीबाबा तळ्यांचं पाणी शेतांना वाटून देत. जागेचं नाव ते घरी कधी सांगत नसत. "जाग्यावर चाल, सूनबाई. खाटेवर बसून सांगतलेलं नाव खोटं रायते." मग वही घेऊन मी त्यांच्यामागे बांधावरून. जावईघसर, पाटीलरुसणी, उपाशी बांधी; बांधी म्हणजे भाताचं खाचर. प्रत्येक नावात कुणाची तरी फजिती, आणि ती सांगताना बाबा पोट धरून हसत. स्वतः मात्र पाऊल जपून टाकत. "मी पडलो का माह्या नावाची बी बांधी होईन!"

एका श्रावणात पडलेच. गावाबाहेर एक बिननावाची बोडी, म्हणजे छोटं तळं, होती. म्हशीनं त्यांना तिच्यात ओढलं आणि धोतर शिंगाला अडकवून ती घरी निघून गेली. मी आणि माझी नणंद धुणं घेऊन परतत होतो. बाबा गळाभर पाण्यात!

"काऊन पाहून रायल्या? जा ना घरी!"

आम्ही झुडपावर एक लुगडं टाकलं आणि पाठ फिरवली.

"सूनबाई, वहीत लिवू नोको!"

मी लिहिलं नाही. गावालाही कळलं नाही.

पुढे मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली आणि मोजणीचे साहेब आले. उन्हाळ्यात बोडी कोरडी ठणठणीत. मालगुजारांचा मुनीम म्हणाला, "साहब, ये तो हमारा खेत है. बारिश में पानी तो हर बांधी में भरता है."

"तळं असेल तर नाव सांगा," साहेब म्हणाले. "नाही तर शेत लिहितो."

बोडीला नाव होतंच कुठे? शेत लिहिलं गेलं असतं, तर खालच्या टोलीचं, म्हणजे वस्तीचं, धान तिच्या पाण्यावाचून वाळलं असतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तो किस्सा मी सांगणार नव्हते; मी वही मिटली.

"लिवा साहेब, लुगडाबोडी."

"हे कसलं नाव?"

मग भर गावासमोर बाबांनी म्हैस, धोतर, सारं सांगितलं. लुगड्याचा रंगसुद्धा. "गळ्यावरी पानी होतं जी, मुनीमजी. तुमच्या खेतात मानूस बुडते का?"

साहेबांनी हसून हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत नाव लिहिलं.

परतताना मी म्हटलं, "बाबा, आता पोरं हसतील."

"हासू दे. भात खाऊन हासतील."

बाबा जाऊन खूप वर्षं झाली. लुगडाबोडी नकाशात आहे, आणि टोलीची रोवणी, म्हणजे भातलावणी, अजून तिच्याच पाण्यावर होते.