चार बोटं डिझेल

अण्णांना चोर मालकांनी म्हटलं, पण चोरीचा पुरावा मी आणून दिला, आणि तोही त्यांना वाचवायला निघालेलो असताना. इतकी वर्षं झाली तरी मला राग येतो. आधी स्वतःचा, मग मालकांचा.

सोलापुरात एका मालकाकडे आम्ही दोघं ट्रक चालवायचो. अण्णा माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, सांगोल्याकडचे. मला ड्रायव्हिंग त्यांनीच शिकवलं होतं. "चाळिसाच्या म्होरं गेलास की डिझेल इंजिन पीत न्हाय, वारं पितंय," असं सांगून त्यांनी माझ्या पायाला शिस्त लावली. काटा चाळिसावर, इंजिन एका सुरात, आणि पुढे बैलगाडी दिसली की ब्रेकच्या आधी पाय सैल. असं त्यांनी मला महिनाभर शेजारी बसून चालवायला लावलं होतं.

गंमत अशी की स्वतः अण्णांना तसं चालवता येत नव्हतं. त्यांच्या गाडीत चादरींचे गठ्ठे असत. कारखान्यातून गठ्ठे बाहेर पडायलाच सकाळचे नऊ वाजत आणि दुपारी दोनला ते पुण्याच्या व्यापाऱ्याच्या दारात हवेत, ही मालकांची सक्त ताकीद. त्या काळातल्या त्या अरुंद रस्त्यावर दोन गाठायचे तर मोकळं मिळेल तिथं साठ पकडण्यावाचून इलाज नव्हता. वर गठ्ठ्यांची उंच रास, तिला वारा अडणार. माझ्या गाडीत बार्शीच्या बाजारातली ज्वारी. तीही पुण्यालाच जायची, पण ज्वारीला कसली आलीय घाई? मी आरामात चाळिसावर जायचो.

दुष्काळ नुकताच सरला होता आणि डिझेल महागलं. मालकांनी बाभळीची एक काठी तासून घेतली आणि तिच्यावर बोटाबोटाच्या अंतरानं खुणा पाडल्या. निघताना टाकी गळ्यापर्यंत भरायची, परत आलो की मालक स्वतः काठी बुडवून बघायचे. दोन्ही गाड्या एकाच वर्षी घेतलेल्या, रस्ता एक, वजन उलट माझ्याच गाडीत जास्त. तरी अण्णांच्या टाकीत दर वेळी चार बोटं डिझेल कमी.

"चार बोटं कुठं विकतोस?" मालकांनी सगळ्या हमालांसमोर विचारलं.

अण्णा म्हणाले, "मालक, गाडी जोरात न्यावी लागती. त्यात जातंय."

मालक हसले. त्यांनी जन्मात कधी स्टिअरिंग धरलं नव्हतं, पण हिशेब तयार होता. गाडी जोरात गेली म्हणजे लवकर पोचली, लवकर पोचली म्हणजे इंजिन कमी वेळ चाललं, मग डिझेल वाचायलाच हवं. ऐकायला इतकं बरोबर वाटतं की दिवाणजीसुद्धा मान डोलवायला लागले.

मग मी पुढं झालो. म्हटलं, अण्णांची गाडी मला द्या, टाकीच्या झाकणाला लाखेचं सील लावा, दिवाणजींना शेजारी बसवा. चादरी भरून एक खेप चाळिसावर करतो, दुसरी साठवर. काठीच काय ते सांगेल. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझाच अभिमान वाटला. मालक कबूल झाले.

इथंच मी माती खाल्ली. आधी सावकाश खेप केली. का, तर मला माझी करामत दाखवायची होती. जोरात काय, कुणीही नेतं.

दिवाणजी काठी मांडीवर आडवी धरून बसले होते. वाटेत एस.टी. बसगाड्या आम्हाला मागं टाकून जात होत्या. पुण्याला पोचायला साडेचार वाजले. व्यापारी दारातच उभा होता, त्याचं गिऱ्हाईक वाट बघून निघून गेलं होतं. त्यानं दिवाणजींना आणि मला यथेच्छ शिव्या दिल्या. पण उशीर काही काठीवर दिसत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच चालीनं परत आलो. मालकांनी सील तोडलं, काठी बुडवली. डिझेल अण्णांच्या नेहमीच्या खुणेपेक्षा बरोबर चार बोटं वर होतं.

मी खुशीत म्हणालो, "आता उद्या साठवर नेतो."

"कशाला?" मालक काठी फडक्याला पुसत म्हणाले. "गाडी काय देते ते कळलं की. म्हणजे चार बोटं हाच विकत होता."

मी ओरडलो, हात जोडले, उशीर किती झाला ते सांगा म्हणून दिवाणजींना विनवलं. दिवाणजी चोपडी उघडून खेपेचा हिशेब लिहायला बसले. अण्णांनी सोळा वर्षांची नोकरी सोडताना फक्त गाडीतली आपली सतरंजी उचलली. डिझेलचोर हा शब्द त्यांच्याआधी सगळ्या ट्रक अड्ड्यांवर पोचला आणि त्यांना पुन्हा कुणी गाडी दिली नाही.

त्यांची गाडी मला मिळाली. चादरी, नऊ वाजता, दोनच्या आत पुणं. मी साठवर नेली. परत आल्यावर काठी चार बोटं खाली. मी मालकांच्या तोंडाकडं बघत होतो. ते म्हणाले, "चादरीला लागतंच तेवढं."

"मग अण्णा?"

"तो विषय संपला आता."

सुट्टीच्या दिवशी सांगोल्याला गेलो. अण्णा गावाबाहेर शेरडं राखत होते. मी सगळं सांगितलं, आधी जोरात न्यायला हवी होती हेही सांगितलं, आणि रडलो. त्यांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "त्या दिशी वारं कुटनं हुतं?"

"जाताना समोरनंच."

"समोरनं वारं, वर चादरीची रास, आन् तरी चार बोटं राखलीस?" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, लेका. माझंच शिकिवलेलं हाय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी पुन्हा चादरी भरून निघालो आणि मोहोळच्या अलीकडेच काटा साठवर नेला.