न्यायाधीशाची कापसाची दाढी

काल मुलीच्या प्रकल्पासाठी डिंकाची बाटली उघडली आणि मी थेट लहानपणीच्या समुद्रपूरच्या शाळेत पोहोचलो. इंग्रजीच्या सरांनी बसवलेल्या नाटकात मी न्यायाधीश होतो. घरच्या कापसाची दाढी डिंकानं चिकटवलेली. आरोपी झाला होता माझा मित्र रमेश. वर्गाची खिडकी फोडल्याचा खराखुरा आळही त्याच्यावरच होता, आणि फोडली होती मी.

मला फक्त ‘गिल्टी’ म्हणायचं होतं. घाम फुटला.

“अबे, दाढी निघून राह्यली तुही!” रमेश काळजीनं कुजबुजला.

दाढी गळून पडली, आणि माझ्या तोंडून निघालं, “नॉट गिल्टी!”

“काऊन रे?” सर ओरडले.

“खिडकी मी फोडली, सर.”

घरी ही गोष्ट मी नेहमी दाढी गळून पडण्यापाशीच संपवायचो. काल पहिल्यांदा मुलीला खिडकीसकट सांगितली.