स्टिकरखालचा खेकडा

माझ्या आईला खेकडा चालत नाही. माहेर दौंडकडचं, नदीकाठचं. लहानपणी एकदा रस्सा खाल्ला आणि घसा आवळला. तेव्हापासून ती त्या वासालाही उभी राहत नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक. गुडघेदुखीच्या कॅप्सूल विकणाऱ्या मामांनाही होतं. तरी घेताना तिनं विचारलं होतं, "मामा, ह्यात काय काय हाय?"

"झाडपाला. मी माळकरी माणूस, मी सोता रोज दोन घेतो. अजून काय पायजे?"

तिसऱ्या दिवशी तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. शिरूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही. डॉक्टरांनी डबी मागितली. डबीवर मामांचा फोटो आणि नंबर असलेला स्टिकर होता, तो नखानं खरवडला. खाली मांसाहाराची तपकिरी खूण. शेजारी बारीक इंग्रजीत: कोळंबी व खेकड्याच्या कवचापासून.

"यानंच झालं असणार. पुन्हा देऊ नका," ते म्हणाले.

आई वाचली. लोक म्हणाले, सोड आता. का सोडू?

तळेगाव ढमढेरेच्या बाजारात मामा टेबल मांडून बसले होते, भोवती दहा-बारा गिऱ्हाइकं. मी एक डबी उचलली, सगळ्यांदेखत स्टिकर सोलला आणि खालचं मोठ्यानं वाचलं. मराठीत. दोनदा.

गर्दीतले एक आबा म्हणाले, "म्हंजी मामा, तुम्ही रोज खेकडं गिळताय व्हय? माळ तरी काढून ठेवत जावा!"

हशा पिकला. मामांचा हात गळ्याशी गेला, तोंड उतरलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

"पोरी, आईशप्पत, मला ठावं न्हवतं."

"वाचलं नाही ते नाही, वर आपला फोटो चिकटवलात. आईला हे दवाखान्यात कळलं, तुम्हाला बाजारात. तुम्ही स्वस्तात सुटलात."

"हळू बोल. कुणाला सांगू नगं."

"मी नाही, तुम्हीच सांगायचं. ज्यांना ज्यांना विकली त्यांना. आत्ता, इथंच."

ते उठायला लागले, तशी मी वाटेत स्टूल ओढून बसले. मामांनी मोबाईल काढला. पहिला फोन मांडवगणच्या व्याह्यांना. तेही माळकरी.

"स्पीकर चालू करा, मामा," मी म्हणाले.