आईला वाचून दाखवलेला शेवट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच.

आई पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवायची. तिचा जीव एका विसरल्या गेलेल्या इंग्रज लेखिकेवर. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली बाई — भाऊ पहिल्या युद्धात गेलेला, आजारी आईची उस्तवार करत स्वयंपाकघरातल्या टेबलावर कादंबऱ्या लिहायची. ही बाई कादंबरीच्या शेवटी कुणालाच दयामाया दाखवत नाही, म्हणून ती मोठी — हे आईने जन्मभर शिकवलं. तिची शेवटची कादंबरी तेवढी आईला कधी मिळाली नव्हती. मिळाली तेव्हा आईचे डोळे गेले होते.

मीच ती ऑनलाइन मागवली. आई तेव्हा दुबईत, अल बर्शाला आमच्याकडे होती. ऑफिसातून आले की चहा घेऊन मी तिला वाचून दाखवायची. त्याच सुमाराला तिचा व्हिसा संपत आला होता. रिन्यू करता आला असता. पण — काय सांगू? तिला हाताला धरून बाथरूमला न्यायचं, तेच तेच विचारलं की उत्तर द्यायचं, या सगळ्याला मी विटले होते. पुण्याच्या एका वृद्धाश्रमात गुपचूप जागाही बघून ठेवली होती. तिला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

शेवटचं प्रकरण मी आधीच मेट्रोत वाचून काढलं. त्यात मुलगी म्हाताऱ्या आईला समुद्रकाठच्या एका बोर्डिंग हाउसमध्ये ठेवते, न्यायला येते म्हणते, आणि येत नाही. खलास. तिथेच पुस्तक संपतं.

ते मी कोणत्या तोंडाने वाचणार होते? मी पान समोर धरलं आणि मनाने वाक्यं रचत गेले — मुलगी परत येते, आईची बॅग उचलते, दोघी घरी जातात. माझा आवाज अडखळलासुद्धा नाही. आई रडायला लागली. माझी लेक आतून आली, "आजी, व्हाय आर यू क्राइंग?"

"अगं, ही बाई शेवटी नरमली," आई म्हणाली.

मग तिने जुन्या विद्यार्थिनींना फोन केले. इतकी वर्षं मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, म्हणाली. मी शेजारी बसून ऐकत होते. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? नाही बोलले. उलट हायसं वाटलं — आणि नंतर वृद्धाश्रमाचा विषय काढला तर ती लगेच हो म्हणाली. थोडेच दिवस, मग न्यायला येते, असं मी तिला सांगितलं.

तिथल्या मावशी नंतर म्हणाल्या, आजींनी बॅग कधी रिकामी केलीच नाही. कपडे धुऊन आले की पुन्हा त्यातच भरायच्या. कपाटात लावून देते म्हटलं, तर म्हणायच्या, कशाला, लेक येईल ना, पुस्तकातली आली तशी.

मी गेले. ती गेल्याचा फोन आला, तेव्हा गेले. बॅग मीच उचलली.