शरीफामावशीची पेन्शन

शरीफामावशीला काहीही सांगा, ती नीट ऐकून घ्यायची आणि विचारायची, "आन् मग?" पाऊस लांबलाय म्हटलं तरी "आन् मग?", पोरगा मॅट्रिक झाला म्हटलं तरी "आन् मग?" हातातला पेढा तोंडात टाकायच्या आधी हिला पुढची काळजी. दौंडच्या रेल्वे चाळीत तिची खोली आमच्या खोलीला लागून होती, आणि मी मुळातला चिडका माणूस. दिवसभर यार्डाच्या ऑफिसात कारकुनी करून जरा दारात टेकावं, तर पलीकडून हिचा प्रश्न तयार. एकदा वैतागून मी म्हणालो, "मग काय मावशी, मग मरायचं!" तर ती गंभीरपणे म्हणाली, "ते हायच की भाऊसाहेब. त्याच्या आदीचं इचारते मी."

तिचे यजमान बाबूलालमामा यार्डात सांधेवाले. गाडी ज्या रुळावर घ्यायची तिकडे सांधा फिरवून द्यायचा, हे काम त्यांनी जन्मभर उन्हापावसात केलं. माणूस कमालीचा अबोल आणि त्याहून कमालीचा भिडस्त. कुणी काही मागितलं तर 'नाही' हा शब्दच त्यांना फुटत नसे. डबा दुसऱ्याला देऊन उपाशी घरी यायचे आणि मावशीच्या तोंडचं ऐकून घ्यायचे. एकुलती एक लेक इनामगावला दिलेली, तिच्याच घरात आज आहे तर उद्या नाही अशी गत. मावशीची काळजी काही हवेतली नव्हती.

सत्तावन्न-अठ्ठावन्न सालच्या सुमारास रेल्वेत पेन्शन आली. तोवर निवृत्त होताना फंडाची रक्कम एकदम हातात पडायची आणि संबंध संपायचा. आता ज्याला हवा त्याने फंड ठेवावा, ज्याला हवी त्याने पेन्शन घ्यावी, मात्र ठरल्या तारखेच्या आत फॉर्मवर लिहून द्यावं, असं निघालं. झालं! अख्ख्या चाळीची झोप उडाली. नियम इंग्रजीत, आणि मराठीत समजावून सांगायला मी एकटा. चाळीनं मग आपली एक रीत काढली. आपला बाप किती वर्षांचा होऊन गेला ते आठवायचं. म्हातारा होऊन गेला असेल तर पेन्शन, तरणा गेला असेल तर फंड. एक फिटर तर ऐंशीच्या घरातल्या बापाला टांग्यात घालून ऑफिसात घेऊन आला आणि म्हणाला, "बघा साहेब, दात सुद्धा हायत!" मी कपाळाला हात लावला.

बाबूलालमामांचा बाप प्लेगात तिशीच्या आत गेलेला. म्हणजे चाळीच्या हिशेबानं फंडच. मामा मला म्हणाले, "तिला इचारा." मी घरी जाऊन मावशीला सगळं समजावलं. पेन्शन म्हणजे मामा असेतो दर महिन्याला ठरलेली रक्कम.

"आन् मग?"

"मग काय, आरामात बसून खायचं."

"ते न्हाई. हे गेल्यावर मग?"

त्या वेळच्या नियमात विधवेला मिळायचं ते पाचच वर्षं, आणि ती वर्षंसुद्धा नवऱ्याच्या निवृत्तीपासून मोजायची. मामा त्यानंतर गेले तर तिला काही नाही. हे मी तिला स्पष्ट सांगितलं. लपवलं असतं तर मला आज हे सांगायला तोंड राहिलं नसतं.

दोन दिवस मला चैन पडेना. शेवटच्या तारखेला दुपारी ती चक्क ऑफिसात आली. चाळीतल्या बायका कधी तिकडे फिरकत नसत. पदर सावरून टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "पेन्शनच लिवा."

"मावशी, बापाचं वय..."

"बापाचं काय घेऊन बसलाय? रोकड घरात आली की भाऊबंद दारात येत्यात. ह्यांना न्हाई म्हणता येत न्हाई. दोन वर्सांत हात रिकामा. आन् मग म्हातारपणी ह्या माणसानं कुणाच्या दारात उभं ऱ्हायाचं?"

"आणि तुमचं काय?"

"लिवा की! तारीख जाईल."

जगाला 'आन् मग?' विचारणाऱ्या बाईनं स्वतःबद्दल मात्र तो प्रश्न येऊ दिला नाही. यार्डातून मामांना बोलावलं, त्यांनी अंगठा केला. मला त्या दिवशी तिचा राग आला होता आणि तिच्या पायाही पडावंसं वाटलं होतं.

तीन-चार वर्षांनी मामा निवृत्त झाले. खोली सोडावी लागली, म्हणून दोघं मावशीच्या माहेरी शिरूरला गेली. माझी बहीण तिथंच दिलेली असल्यामुळे माझं येणंजाणं राही. महिन्याच्या महिन्याला मामा धुतलेला सदरा घालून, टोपी नीट करून पेन्शन आणायला कचेरीत जायचे. एकदा तिथं त्यांच्याकडे हयातीचा दाखला मागितला, म्हणजे हा माणूस जिवंत आहे असं कुणा अधिकाऱ्यानं लिहून दिलेलं हवं. मावशी सोबत होती. ती कडाडली, "अवो, समूर उभा हाय की माणूस! आजून काय, नाचून दाखवू?" मामा बिचारे लाजून खाली बघत उभे.

मग ते भयंकर दिवस आले. पाऊस नाही, बाजारात ज्वारी दिसेना, रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, मिळायचा तोही रांगेत उभं राहून. महागाई दर आठवड्याला वर, पेन्शन होती तेवढीच. मी गेलो की मावशी मिलोच्या भाकरीला शिव्या घालायची: "थापाया गेलं की फुटती, खाया गेलं की घशात बसती." मामांच्या ताटात भाकरी असायची. स्वतःच्या ताटाबद्दल विचारलं की म्हणायची, "माझं झालं." मी ते एकदाही खरं मानलं नाही, आणि एकदाही तसं तिला बोलून दाखवलं नाही. दुपारी ती लोकांच्या गोधड्या शिवायची. मामांना खोकला लागला होता. रात्रंदिवस तिचे कान त्या खोकल्याकडे. तिला सगळा नियम पाठ होता ना!

त्याच दुष्काळात मामा गेले. निवृत्तीला तोवर पाच वर्षं उलटून गेली होती. महिन्याभरानं मावशी एस.टी.नं दौंडला आली, मामांची पेन्शनची कागदं परत करायला. 'सरकारचं हाय' म्हणून रुमालात बांधून आणली होती. किती वाळली होती! मी तिला बसवलं, चहा मागवला आणि कपाट उघडून फायलींवर फायली उपसायला लागलो. मधल्या काळात नियम बदलला होता. आता विधवेला तहहयात पेन्शन होती. मी तारीख बघितली आणि फाईल तशीच उघडी ठेवून खुर्चीत बसलो. जे त्या तारखेनंतर निवृत्त झाले त्यांच्याच बायकांना. मामा आधीच निवृत्त झालेले.

"मावशी, दोन-तीन वर्षांचा फरक हो! मामा तेवढे उशिरा निवृत्त झाले असते तर..."

तिनं रिकाम्या रुमालाची घडी घातली आणि हळूच म्हणाली, "कागदावर हाय त्येवढं त्यांचं वय नव्हतंच."

"म्हणजे?"

"चार वर्सं वाढवून सांगितलं व्हतं. भरती झाली तवा सोळाचे व्हते. ईस सांगितलं. मिशी न्हाई म्हणून मुकादम हसला, पर लिवून घेतलं."

मी ताडकन उठलो. चार वर्षं! म्हणजे खऱ्या वयानं मामा नव्या नियमात बसत होते. मी कागद ओढला. "अर्ज करू. मशिदीतली नोंद, गावातला कुणी म्हातारा, काहीतरी मिळेल. वय चुकीचं लागलंय म्हणून लिहू. मी जातो वरपर्यंत, मी भांडतो!" खरं सांगतो, यश येईल असं मलाही वाटत नव्हतं. पण हात चालू ठेवल्याशिवाय मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

तिनं माझ्या हाताखालचा कागद बाजूला केला. "न्हाई. ते सरकारशी खोटं बोलले असं मी अंगठा करून सांगायचं? आत्ता, ते गेल्यावर?"

"पण मावशी, खायचं काय तुम्ही?"

"गोधड्या हायत की."

"त्यांना कुणी सांगितलं होतं चार वर्षं वाढवायला?" मी चिडून ओरडलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं बघितलं.

"माझ्या बापानं," ती म्हणाली. "मला एका बिजवराचं स्थळ आलं व्हतं. ह्यांनी मागणी घातली, तवा बाप म्हणाला, ईदीच्या आत नोकरी दाखव, न्हाईतर पोरगी तिकडं देतो. सोळाच्या पोराला कोण घेतंय नोकरीला?" तिनं थंड झालेला चहा एका घोटात संपवला. "आता तुमीच बगा भाऊसाहेब. खरं वय सांगितलं असतं, तर पेन्शन मिळाली असती, पर दुसऱ्याच कुणा बाईला."