तांडेलाच्या हाताचा हिरवा

निवृत्त झाल्यापासून मी हातभर लांबीच्या बोटी बनवतो, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या. मुरुडात राहून ड्रॉइंग मास्तराने दुसरं करायचं तरी काय? वाळलेले रंग जिवंत करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, अशी माझी घमेंड होती. ती त्या आठवड्यात पार उतरली.

सोमवारी शेजारच्या कोळीवाड्यातली मावशी एक गंजका डबा घेऊन आली. तिचा नवरा तांडेल. आयुष्यभर त्याने स्वतःची बोट हाकली. तीन महिन्यांपूर्वी त्याला झटका आला, उजवा हात गेला, आणि तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. बोट त्याआधीच मोडीत गेली होती. शुक्रवारी सकाळी त्याला ऑपरेशनला मुंबईला न्यायचं होतं.

"मास्तर, जायच्या आदी त्यांच्यासमोर त्यांची बोट ठेवायची हाय," ती म्हणाली. "पण रंग ह्योच पायजे. त्यांनी सोताच्या हातानं कालवलेला. दुसरीकडं मिळायचा न्हाय."

बोट माझ्याकडे तयार होती, फक्त रंगवायची होती. डबा उघडला. वर बोटभर जाड साय. खाली असला तर कपभर रंग. दुकानातला बिघडला तर शिव्या घालत दुसरा आणतो मी. हा बिघडला तर काय तोंड दाखवू? सुरीने कडेकडेने कापून साय अख्खी उचलली. ती मोडली असती, तर तिचे कण रंगात मिसळून सगळा खेळ संपला असता. घामाने सुरी निसटत होती. मग खालचा रंग जुन्या ओढणीतून गाळला, थेंब थेंब टर्पेंटाइन घातलं, आणि निळ्याकडे झुकणारा हिरवा सुरेख वर आला. मी स्वतःवरच खूश झालो.

मंगळवारी पहिला हात दिला. बुधवारी रंगाला हाताचं बोट टेकवून पाहिलं तर चिकट. हवा दमट असेल म्हणून पंखा लावला आणि घाई करून, गाढवासारखा, त्यावरच दुसरा हात दिला. डबा रिकामा झाला. गुरुवारी संध्याकाळीही रंग जसाच्या तसा ओला! तेवढ्यात मावशी डोकावली. मी जवळजवळ खेकसलोच, "ह्यात काय घातलं होतं?"

"डिझल. डबा सुकू नये म्हणून. समदेच घालतात. का वो?"

कपाळ माझं! बोटीवर उन्हावाऱ्यात ते खपून जातं. माझ्या खोलीत हा रंग आठवडाभर वाळणार नव्हता. टर्पेंटाइनच्या वासात मला डिझेलचा वास आलाच नव्हता. पुसावा तर दुसरा रंग नाही. माणूस ऑपरेशनला जाणार, परत येईल न येईल, आणि त्याने शेवटची पाहिलेली त्याची बोट माझ्या हातून बिघडलेली असणार.

शुक्रवारी गाडी दारात उभी होती. मी बोट फळीवर धरून, श्वास रोखून त्यांच्या घरात गेलो. "हात लावू देऊ नका हं, ओली आहे," मावशीला बजावलं आणि फळी खाटेवर ठेवली.

तांडेल कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्याचा डावा हात हळूहळू उठला. "अहो, नको!" मी ओरडलो, पण त्याने हाताचं बोट सरळ पुढच्या टोकापासून, नाळेपासून, मागेपर्यंत ओढलं. रंग निघाला, खालचं लाकूड उघडं पडलं. मला रडूच आलं.

त्याने हिरवं बोट अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. कपाळाला आठी पडली. जड जिभेने, पण अगदी रागावून तो बोलला, "वली हाय. पान्यात नको घालू."

मावशी खाटेच्या कडेला बसली. त्याचा रंगलेला हात तिने दोन्ही हातांत धरला.

"न्हाय घालत," ती म्हणाली. "तुमी आल्यावर घालू."